प्राचीन वस्तूंचे ‘उकललेले’ गूढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्राचीन वस्तूचे गूढ अखेर उकलले’ अशा मथळ्यांच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात आणि रोमन द्वादशफलकावर तर अशी पाळी अनेकदा येते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तांब्याच्या मिश्रधातूत ओतलेली ही पोकळ वस्तू बारा पंचकोनी बाजूंची असते. त्या बाजूंवर बहुधा वेगवेगळ्या व्यासांची गोल छिद्रे असतात आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोळी बसवलेली असते. इंग्लंडमध्ये १७३९ साली तिची पहिली नोंद झाली. त्यानंतर शंभराहून अधिक नमुने मिळाले, पण उपलब्ध रोमन लिखाणात तिचा उल्लेख सापडलेला नाही.

ते जमीन मोजण्याचे साधन होते, असे कोणी ठामपणे सांगतो. परंतु या वस्तूंचा आकार साधारण ४ ते ११ सेंटिमीटर असा बदलता आहे, छिद्रांना ठरावीक माप नाही आणि त्यांवर अंशांच्या खुणाही नाहीत. ही वस्तू हातमोजे विणण्यासाठी होती, या तर्कालाही, सततच्या वापराने धातूवर पडणाऱ्या झिजेचा आधार मिळत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती भूगोलाची साक्ष : हे नमुने प्रामुख्याने गॉल (आजचा फ्रान्स व आसपासचा भाग), ब्रिटन आणि जर्मनीकडच्या प्रांतांत आढळतात, खुद्द इटलीत नाहीत. साम्राज्यभर वापरले जाणारे उपकरण एवढ्याच पट्ट्यात का राहावे, याचे उत्तर न देणारा कोणताही तर्क मला अपुरा वाटतो.

इंग्लंडच्या लिंकनशायरमधील नॉर्टन डिस्ने येथे २०२३ साली स्थानिक हौशी मंडळींच्या उत्खननात एक अखंड द्वादशफलक मिळाले. ते अतिशय देखणे आहेच. पण ते एका खड्ड्यात, चौथ्या शतकातील मृद्भांडांच्या सोबत, मूळ जागी सापडले, ही बाब मला त्याहून मोलाची वाटते. आजवरचे कितीतरी नमुने अशा नोंदीविना संग्रहालयांत पोहोचले आहेत.

पुरावा हाती असला की कोडे सुटते, हेही खरे. १९०१ मध्ये समुद्रातून काढलेले अँटिकिथेरा हे प्राचीन ग्रीक यंत्र खगोलगणनेचे आहे, हे क्ष-किरणांनी दिसलेल्या दंतचक्रांमुळे आणि त्यावरील कोरीव मजकुरामुळे पटले. द्वादशफलकावर असा मजकूर नाही.

म्हणून विनंती एवढीच की, पुढील बातमीत वस्तू कोठे, किती खोलीवर, कशासोबत मिळाली आणि ती उत्खननात मिळाली की कोणी उकरून आणली, हे आधी छापावे. उपयोगाविषयीचे अंदाज त्यानंतर, अंदाज म्हणूनच द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक