मंत्रिमहोदय, गिधाड हा आपल्या खात्याचा पक्षी आहे

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

हे पत्र चुकून आपल्या टेबलावर आलेले नाही. गिधाडाचे नाव निघाले की कागद वनखात्याकडे पाठवायचा असा शिरस्ता आहे आणि आम्हीही इतकी वर्षे त्याच खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. तिथल्या लोकांनी आम्हाला शक्य ती मदत केली. पण साहेब, घरट्याचे झाड वनखात्याचे असले तरी गिधाड मरते ते गोठ्यात दिलेल्या इंजेक्शनाने. गोठा आपल्याकडे आहे.

मी म्हसळा तालुक्यातला, जिल्हा रायगड. आमच्याकडे चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे टिकून राहिली ती गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमी मंडळींनी जपली म्हणून. घरट्याच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, विणीच्या दिवसांत खाली गोंगाट करायचा नाही, पिल्लू पडले तर उचलून सावलीत ठेवायचे आणि फोन करायचा, एवढे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिकडे नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला, गडचिरोलीत चामोर्शीकडे अशीच माणसे आहेत. कुणी गिधाडांसाठी मेलेली गुरे आणून टाकतो, कुणी घरटी मोजतो. यातल्या बहुतेकांना पगार नाही.

काम काय असते ते सांगतो, कारण कागदावर त्याला 'पूरक खाद्य पुरवठा' असे गोंडस नाव असते. गावात जनावर मेले की मालकाचा फोन येतो. टेम्पो ठरवायचा. टेम्पोवाला आधी भाडे दुप्पट सांगतो, मग ताडपत्री तुमची आणा म्हणतो. सहा जणांनी बांबूला बांधून बैल चढवायचा आणि ढोरटाकीवर, म्हणजे मेलेली गुरे टाकायच्या जागी, नेऊन उतरवायचा. एवढ्यावर भागत नाही. म्हशीचे कातडे गिधाडाच्या चोचीला सहज फाटत नाही, त्यामुळे कुणीतरी सुरी घेऊन पोट आणि मांड्या उघडून द्याव्या लागतात. पूर्वी कातडे सोललेलेच असायचे. ते काम ज्या समाजावर लादले गेले होते त्याने ते बाबासाहेबांच्या सांगण्यावरून झुगारून दिले आणि अगदी योग्य केले. चूक इतरांची, कारण त्या जागी दुसरी कुठलीच व्यवस्था उभी केली नाही. आज गावोगाव मेलेले जनावर एकतर खड्ड्यात जाते, नाहीतर ओढ्याच्या काठाला कुत्र्यांपुढे.

त्यात कोकणात गुरेच कमी झाली. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या किनाऱ्याची जी दशा केली त्यात घरट्यांची झाडे आडवी झाली. ज्या आंब्याखाली उभे राहून आम्ही वर बघायचो त्याच्या खोडावर चार दिवसांनी बसून डबा खाल्ला. अजून तो दिवस आठवला की घास घशात अडकतो.

तरीही हे सगळे आम्ही निभावून नेऊ. झाड पुन्हा वाढते, टेम्पोचे पैसे वर्गणीतून निघतात. आमच्या हातात नाही ते वेगळेच आहे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. ढोरटाकीवर नऊ दिवस काहीच पडले नव्हते. सकाळी शेजारच्या वाडीतून फोन आला, "बैल गेलाय. नेताय, की पुरून टाकू?" आम्ही पोहोचलो. धष्टपुष्ट खिल्लार, कानात पिवळा बिल्ला. आमचा पहिला प्रश्न नेहमीचा, शेवटचे इंजेक्शन कधी आणि कुठले? मालक म्हणाला, परवा आणि काल, दोन दिलीत, पाय सुजला होता. कुणी दिली? "डाक्टर नाय हो, एक पोरगा येतो, तो देतो." औषधाचे नाव? "छोटी बाटली होती." बाटली उकिरड्यावर शोधली, सापडली नाही. त्या पोराचा फोन बंद. मालकाने मोबाइलवर बिल्ल्याचा नंबर टाकून दाखवला, लसीकरणाची नोंद तारखेसह आली. वेदनाशामकाचा उल्लेख कुठेही नव्हता.

आम्ही खड्डा खणला. सकाळी अकराच्या सुमारास वर सहा गिधाडे घिरट्या घालत होती आणि खाली आम्ही त्यांचे जेवण मातीआड करत होतो. बैल स्वच्छही असेल. आजवर कळलेले नाही.

आपल्याभोवती जाणकार पशुवैद्य आहेत, पण हे मंत्र्यांनी स्वतः वाचावे म्हणून लिहितो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेले जनावर एक-दोन दिवसांत मेले तर औषध त्याच्या मांसात उरलेले असते. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक अ‍ॅसिड बाहेर पडत नाही आणि काळजावर, यकृतावर चुना लिंपल्यासारखा पांढरा थर साचतो. मान खाली टाकून पक्षी फांदीवर बसून राहतो आणि मग पडतो. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांवरून हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर आपल्याकडे काय उरले होते? १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले.

आणि सगळी गुरे विषारी होती असेही नव्हे. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा निघाले की साधारण १३० ते ७६० मेलेल्या जनावरांत एक जरी विषारी असले तरी एवढी पडझड होऊ शकते. कारण गिधाड पंगतीला बसणारे आहे. एका बैलावर पन्नास बसली की पन्नासही जातात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात, म्हणजे एका दुपारचे नुकसान भरून काढायला आमची अर्धी हयात पुरत नाही.

बंदी नाही असे मी म्हणत नाही. गुरांसाठीचे डायक्लोफिनॅक २००६ मध्येच बंद झाले. माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गुरांना टोचल्या जातात म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीची मर्यादा आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही गुरांची वेदनाशामके गेली, त्यानंतर निमेसुलाइडवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध केव्हापासून हाताशी आहे. कायदे आहेत. फक्त उकिरड्यावरच्या त्या बाटलीवर काय लिहिले होते हे कुणालाच सांगता येत नाही. एका औषध दुकानात मी स्वतः "बैलासाठी दुखण्याचं" असे म्हणून उभा राहिलो, तेव्हा समोर आलेली गोष्ट माणसांसाठीची होती. चिठ्ठी मागितली नाही.

म्हणून मागणी एकच आहे, बाकीच्या तिच्यामागून येतील. कानातला बारा आकडी बिल्ला आपल्याच खात्याने मारला आहे. त्या नंबरावर लसीकरणासारखीच वेदनाशामकाचीही नोंद झाली पाहिजे, औषधाचे नाव आणि तारीख, आणि ती आम्हाला ढोरटाकीवर उभे राहून मोबाइलवर दिसली पाहिजे. गावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकाला त्यासाठी अर्धा मिनिट लागेल. इंजेक्शन टोचत फिरणाऱ्या पोराला नोंद करता येणार नाही, मग तो टोचतो कशाला, हेही आपोआप विचारता येईल. १९६२ या नंबरवर आजारी जनावरासाठी गाडी येते. मेलेल्या जनावराची खबरही तिथेच घेऊन जवळच्या गिधाडमित्रांना कळवली तर आमचे निम्मे फोन वाचतील. खात्याच्या खरेदीच्या यादीत फ्लुनिक्सिन हे गिधाडांना घातक वेदनाशामक असेल तर तेही काढावे. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्रिमहोदयांशी एकदा बोलावे, दुकानांत गिऱ्हाईक म्हणून माणूस पाठवायला फार खर्च येत नाही.

टेम्पोचे भाडे मागत नाही. दिलेत तर नाही म्हणणार नाही.

हरियाणातल्या पिंजौरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत आपल्या राज्यात ताडोबा आणि पेंचला आणली, तेव्हा पेपरात मोठे फोटो आले. चांगलेच झाले. पण पिंजऱ्याचे दार उघडल्यावर ते गिधाड अभयारण्याची हद्द बघून उडत नाही. शेकडो किलोमीटरवरच्या कुठल्यातरी वाडीत, कुठल्यातरी बैलावर ते उतरते.

ऑक्टोबर सरला की आमच्याकडे घरट्यांसाठी काटक्या गोळा करायला सुरुवात होईल. त्याआधी जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना एक परिपत्रक निघाले तर या विणीला उपयोगी पडेल. आपण स्वतः जानेवारीत यावे, तेव्हा घरट्यात पिल्लू असते. ढोरटाकीवर येणार असाल तर जुने कपडे आणि एक रुमाल बरोबर ठेवा. माणगावपासून पुढचा रस्ता आम्ही दाखवू.

आपला,
म्हसळा तालुक्यातील एक गिधाडमित्र