पोस्टग्रेसच्या कामासंबंधी चि. ताईस

सोलापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी आपले बोलणे अर्धवट राहिले. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरसाठी तू पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तिथल्या तपासणाऱ्या मंडळींकडून शंका लावून परत आला म्हणून तू तो विषयच सोडायचे म्हणू लागलीस, मी जागरणाचे काढले आणि तू फोन ठेवलास. या पत्रात जागरणाविषयी काही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

त्या मंडळींच्या उत्तराचा तू पाठवलेला मजकूर मी सावकाश वाचला. मोठ्या टेबलवर क्रमवारी लावण्याचे काम तुझ्या बदलामुळे लवकर होते, हे त्यांना मान्य आहे. पण ज्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या विचारणेत, जेमतेम दहा-वीस ओळी असतात तिथे वेळ उलट वाढत तर नाही ना, आणि तुझ्या लॅपटॉपवर आलेला निकाल प्रोसेसरमध्ये पुष्कळ कोअर असलेल्या मोठ्या सर्व्हरवरही येतो का, एवढेच ते विचारतात. कोडची साफसफाई आणि मूळ बदल वेगवेगळे पाठव, असेही म्हणतात. ताई, हा नकार नव्हे. ज्याला नकार द्यायचा असतो तो इतके बारकाईने वाचत नाही.

आमच्या पतसंस्थेत संगणक नवे आले तेव्हा भर उन्हाळ्यात वीज गेली आणि एका विडी कामगार बाईंनी नुकताच केलेला भरणा कुठेच दिसेना. त्यांनी चंचीतून घडी घातलेली पावती काढली, म्हणून नोंद पुन्हा करता आली. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो, तो डिस्कवर पक्का झाल्यावरच काम झाल्याचे कळवतो, आणि मूळ टेबलच्या फाइलमध्ये तो नंतर सवडीने उतरतो, हे तू समजावलेस तेव्हा मला आमची आधी रोजकीर्द, मग खतावणी ही शिस्तच आठवली. एफसिंक, म्हणजे लिहिलेले डिस्कवर पक्के करून घेणे, बंद केले तर वेग वाढतो, पण वीज गेल्यास डेटा कायमचा बिघडू शकतो, असे त्यांच्याच माहितीपुस्तिकेत लिहिले आहे ना? तुझ्या बदलाचा लॉगशी संबंध नाही, हे मला समजते. तरीही जिथे लोकांचे पैसे नोंदलेले असतात तिथे वेग वाढला असे कोणी म्हणताच चार जण उलटतपासणीला बसतात, याचा मला आधारच वाटतो.

त्यांना उत्तर रात्री दोन वाजता लिहू नकोस. चिडून लिहिलेले वाक्य सकाळी परत घेता येत नाही, आणि डोळे चुरचुरत असताना घेतलेल्या मोजमापावर... पुन्हा तेच आले. क्षमा कर. तुझ्या आईची डोकेदुखी अशीच सुरू झाली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती हसण्यावारी नेली होती, म्हणून लेखणी तिकडेच वळते.

1986 साली बर्कलेच्या विद्यापीठात स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या कामात आपल्या साखर पेठेतल्या मुलीने काही सुचवावे आणि जाणत्या माणसांनी ते ओळ न ओळ तपासावे, हे मी अण्णांना दोनदा सांगितले. त्यांना डेटाबेस कळला नाही. पण तुझे नाव त्यात येणार का, हे त्यांनी विचारले. पोस्टग्रेसच्या 2025 च्या 18 व्या आवृत्तीत आलेल्या असिंक्रोनस आय-ओवर, म्हणजे डिस्कवरचे वाचन पुरे होण्याची वाट पाहत न थांबण्याच्या सोयीवर, मुरलेल्या मंडळींनीही कित्येक वर्षे घालवली, मग तुझा बदल पहिल्याच फेरीत जायला हवा होता, हा हट्ट कशासाठी?

पॅच तपासण्याची जुलैची फेरी धरायची असेल तर आधी लहान क्वेरींचे आकडे काढ. तिथे वेळ वाढत असेल तर तसे स्पष्ट लिही आणि ओळी ठराविक संख्येच्या खाली असताना जुनीच पद्धत वापरता येईल का, ते पाहा. तिथल्या रीतीप्रमाणे दुसऱ्या कुणाचा तेवढ्याच आकाराचा पॅचही तपासायला घे. त्यात तुझा हात बसेल आणि माणसेही ओळखीची होतील. पॅचचे दोन भाग केलेस की मलाही पाठव. सगळे कळणार नाही, पण वाचेन. आणि दिवसाची नोकरी सांभाळून हे करायचे असेल तर शनिवार-रविवारी दिवसा कर. चष्म्याचा नंबर तपासून घेतलास का, ते मात्र उलट टपाली कळव.

तुझा,
बाबा