आईची महेश्वरी आणि रफूवाला

महोदय,

लग्नसराईत राजवाड्याच्या बाजारात आपण घाईघाईने जे कपडे घेतो, त्यांतले बरेचसे पॉलिएस्टरचे, म्हणजे प्लॅस्टिकच. दर धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. ओला-सुका कचरा इतक्या निष्ठेने वेगळा करणाऱ्या आपल्या इंदूरने कपाटातही डोकावायला हवं.

माझ्याकडे आईची जुनी महेश्वरी होती. उभा धागा रेशमी, आडवा सुती. पोत निऱ्यांपाशी विरला होता, काठ मात्र जसाच्या तसा. शिवाय दोन्हीकडून सारखा, त्यामुळे उलटा लावला तरी खुलतो. शिंप्याकडून कुर्ता शिवून घेतला, काठ बाह्यांना लावले. भाचीच्या साखरपुड्याला तो घातला, तर तिघीजणींनी शिंप्याचा पत्ता विचारला! उरलेल्या तुकड्यांची गोधडी होते आहे.

अहिल्याबाईंनी महेश्वरला वसवलेले माग आजही चालू आहेत, बाग गावची ठसेछपाई शेजारच्या धार जिल्ह्यात होते. नवं घ्यायचंच तर असं एखादंच घ्यावं आणि वर्षानुवर्षं नेसावं. पण त्यासाठी रफूवाले हवेत, आणि आमच्या भागातला शेवटचा रफूवाला गेल्या दिवाळीनंतर बसायचा बंद झाला. नगर निगमने प्रत्येक झोनमध्ये रफू-दुरुस्तीसाठी एक टपरी बिनभाड्याने द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचिका, रामबाग, इंदूर