फ्रीमेसन संगीत फ्लॅट मोजून ओळखता येत नाही

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत संगीतकार मोत्सार्ट आणि फ्रीमेसनरी (स्वतःचे खास विधी पाळणारी बंधुसंघटना) यांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर लिहिलं जातं याचा आनंद आहेच. पण ‘तीन फ्लॅट म्हणजे फ्रीमेसन संगीत’ हे लेखातलं मुख्य सूत्र टिकणारं नाही. (फ्लॅट म्हणजे पट्टीतला एखादा सूर अर्ध्या सुराने उतरवणारी खूण.)

‘मॅजिक फ्लूट’ (१७९१) या ऑपेराला ते लागू पडतं, कारण त्याची मुख्य पट्टी ई फ्लॅट मेजर, म्हणजे तीन फ्लॅटची, आहे. पण तो ऑपेरा जाहीर रंगभूमीसाठी होता. मोत्सार्टने १४ डिसेंबर १७८४ ला दीक्षा घेतल्यावर प्रत्यक्ष लॉजसाठी (फ्रीमेसनांच्या शाखेसाठी) जे लिहिलं, त्याच्या पट्ट्या पाहा. सभासदत्वाच्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाणाऱ्यांसाठीचं गीत (के. ४६८; ‘के.’ म्हणजे मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे दोनच फ्लॅट. लॉज उघडतानाचं गीत (के. ४८३) त्याच पट्टीत, लॉज बंद करतानाचं (के. ४८४) जी मेजरमध्ये. मृत्यूच्या तीनच आठवडे आधी पूर्ण केलेली कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाची अनेक भागांची रचना, (के. ६२३) सी मेजरमध्ये, तिथे एकही फ्लॅट नाही. ई फ्लॅटमधली १७८५ची कँटाटा (के. ४७१) गायनाच्या या यादीत एकटी पडते. शिवाय ई फ्लॅट ही त्या काळच्या हॉर्नला सोयीची पट्टी होती. मोत्सार्टच्या चार हॉर्न कंचर्टोंपैकी तीन तिच्यातच आहेत.

हे संगीत ओळखायचं ते त्याच्या कामावरून. विधीच्या कुठल्या टप्प्यावर, किती जणांनी, कशाच्या साथीने गायचं, हे ठरलेलं असे. लॉजमध्ये पुरुषच, म्हणून कोरस दोन टेनर (पुरुषांचा उंच आवाज) आणि एक बास (खर्जाचा आवाज) असा तीन आवाजांचा. मिश्र कोरसला देताना वरची ओळ सोप्रानोकडे गेली की ती एक सप्तक वर चढते, तिन्ही आवाजांमधली जवळीक सुटते आणि स्वरमेळ पोकळ वाटतो.

‘मेसॉनिक फ्युनरल म्युझिक’वर (के. ४७७) लेखात एकच ओळ आहे, याचं वाईट वाटलं. सी मायनरमधली (फ्लॅट इथेही तीनच, हे मान्य) ही वाद्यरचना अवघ्या ६९ मात्राखंडांची. नोव्हेंबर १७८५ मध्ये वारलेल्या दोन सरदार सभासदांसाठी ती वाजली, पण मोत्सार्टच्या स्वतःच्या रचनांच्या नोंदवहीत तिच्यापुढे त्याच वर्षीचा जुलै महिना आहे. या कोड्यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मूळ वाद्यमेळात दोन ओबो, एक क्लॅरिनेट, एक बासेट हॉर्न (क्लॅरिनेटच्याच जातीचं, खालच्या सुरांचं वाद्य), दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. आणखी दोन बासेट हॉर्न आणि काँट्राबसून (अगदी खर्जाचं फुंकवाद्य) नंतर वाढवले. वाजवणारे चुकतात ते इथेच. बासेट हॉर्न मिळत नाही म्हणून ती ओळ साध्या बी फ्लॅट क्लॅरिनेटला देतात. पण बासेट हॉर्न खालच्या एफपर्यंत उतरतो, बी फ्लॅट क्लॅरिनेट त्याच्या बराच वर, डीवर थांबतो. मग खालचे सूर वर उचलावे लागतात आणि तळ नाहीसा होतो. बास क्लॅरिनेटवर ते सूर मिळतात, पण त्याची नळी रुंद, आवाज जाड. दुसरी चूक लयीची. मध्ये ओबो आणि क्लॅरिनेट चर्चमधली जुनी प्रार्थनाधून घेतात. लय फार ओढली तर ती धून सलग ऐकूच येत नाही, आणि शेवटच्या सी मेजर कॉर्डने जो उजेड पडायला हवा तो पडत नाही.

‘मॅजिक फ्लूट’मधला ‘तीन’ मात्र खरा आहे. ओव्हर्चरच्या, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यरचनेच्या, मध्यावर फक्त फुंकवाद्यांवर तीन-तीन कॉर्डचे तीन गट येतात. त्यांच्यामधले विराम मुद्दाम लांबवलेले आहेत. घाई करणारा कंडक्टर तेच विराम कापतो आणि लॉजच्या विधीतल्या दारावरच्या तीन ठोक्यांचा भास जातो.

गोवा, मुंबई, पुण्यातल्या पुरुष कोरसनी सुरुवात के. ४८३ आणि ४८४ पासून करावी. एक गायक, तीन आवाज आणि ऑर्गन एवढ्यात ती होतात. फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याने हेलसिंकीच्या सुओमी लॉजसाठी १९२७ मध्ये पुरुषांचे आवाज आणि हार्मोनियम घेऊन विधीसंगीत रचलं. ही हार्मोनियम म्हणजे आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या जातीची. भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात कॉर्डसाठी मोकळे राहतात. हातपेटीवर ते जमणार नाही. जुनी पायपेटी वापरायची तर तिची पट्टी आधी ट्यूनरवर तपासावी आणि कोरसचा सराव पियानोवर न करता तिच्यावरच करावा, नाहीतर ऐन कार्यक्रमात गायक आणि वाद्य वेगळ्या सुरांत जातात.

आपला,
एक वाचक, पुणे