तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल तुमच्याच नियमाने निगेटिव्ह

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

रावेर, जि. जळगाव
दि. 24 मे

विषय: सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) एलायझा किटमधील कॉन्ज्युगेट (एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी) निकामी निघाल्याबाबत

महोदय,

आमची केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची छोटी प्रयोगशाळा आहे. मातृरोप घेण्याआधी त्याच्या पानाचा रस काढून आम्ही कुकुंबर मोझॅक व्हायरसची एलायझा चाचणी लावतो, म्हणजे अँटिबॉडीने विषाणू पकडून रंगावरून ओळखायची चाचणी. हाच तो रोग, ज्याला इकडचे शेतकरी हरण्या म्हणतात. तुमचे किट तीन वर्षांपासून वापरतो आणि आजवर कुरकुर केलेली नाही. या वेळी मात्र तुम्ही ईमेलमध्ये 'तंत्रज्ञाची चूक' एवढे दोन शब्द लिहून विषय मिटवलात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्सल तुमच्या गोदामातून शुक्रवारी निघाले. शनिवार-रविवार ते जळगावला कुरिअरच्या गोदामात पडून होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 44-45 च्या घरात असतो, हे रोज पेपरात छापून येते. सोमवारी खोके उघडले तेव्हा जेल पॅकचे पाणी झाले होते आणि आतल्या थर्मामीटरवर 31 अंश दिसत होते. खोक्यावर मात्र ठसठशीत अक्षरांत '2 ते 8 अंश' छापलेले. कुरिअरवाल्या मुलासमोरच फोटो काढले आणि पावतीवर शेरा लिहून घेतला.

तरीही प्लेट लावली. 40 नमुने, प्रत्येकी दोन खळगे, उरलेल्या 16 खळग्यांत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी निरोगी पान आणि विषाणू असलेला तुमचा पॉझिटिव्ह नमुना. तासाभराने रंग किती गडद आला याचे 405 नॅनोमीटरला वाचन घेतले. निरोगी पानाचे सरासरी 0.12 आणि तुमच्या पॉझिटिव्ह कंट्रोलचे 0.21. तुमच्या माहितीपत्रकानुसार निरोगी पानाच्या दुप्पट, म्हणजे 0.24 च्या पुढे गेले तरच पॉझिटिव्ह धरायचे. म्हणजे तुम्हीच पाठवलेला पॉझिटिव्ह तुमच्याच नियमाने निगेटिव्ह! मागच्या लॉटला हाच आकडा 1.6 आला होता. आमचे चाळीसच्या चाळीस नमुनेही अर्थात 'स्वच्छ' निघाले. त्यांतले दोन आम्ही मुद्दाम हरण्या लागलेल्या बागेतून आणले होते, पानांवर पिवळे पट्टे डोळ्यांना दिसत होते.

यावर तुमचे उत्तर आले की धुणे जास्त झाले असेल, पिपेट चुकले असेल. ठीक आहे, तेही तपासले. जुन्या लॉटच्या दोन पट्ट्या आणि थोडे कॉन्ज्युगेट फ्रिजमध्ये शिल्लक होते. मग अदलाबदल करून पाहिली. नवी प्लेट, नवा पॉझिटिव्ह कंट्रोल आणि जुने कॉन्ज्युगेट लावल्यावर 1.4 आले. जुनी पट्टी, तोच कंट्रोल आणि नवे कॉन्ज्युगेट लावल्यावर 0.19. हात तेच, पिपेट तेच, बफर तेच. म्हणजे विषाणूचे आवरण-प्रथिन पकडणारी प्लेटवरची अँटिबॉडी शाबूत आहे आणि पॉझिटिव्ह कंट्रोलही चांगला आहे. बिघाड दुसऱ्या अँटिबॉडीच्या, म्हणजे कॉन्ज्युगेटच्या बाटलीत आहे.

तेवढ्यावर थांबलो नाही. प्लेट बाजूला ठेवून दोन्ही कॉन्ज्युगेट सारखेच पातळ केले आणि एकेक थेंब थेट तुमच्या नव्या सबस्ट्रेटमध्ये (एन्झाइममुळे पिवळे होणाऱ्या द्रावणात) टाकला. इथे ना धुणे, ना विषाणू. जुन्याची नळी दोन मिनिटांत हळदीसारखी पिवळी झाली. नव्याची अर्ध्या तासानेही फिकट ताकासारखी. अँटिबॉडीला जोडलेले अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमच मेले आहे. तंत्रज्ञाने कितीही वाईट धुतले तरी बंद बाटलीतले एन्झाइम मरत नाही.

तुम्हाला ही एका किटची बाब वाटत असेल. आमच्याकडे एका मातृरोपापासून शेकडो रोपे होतात. आता मृगबागेची लागवड तोंडावर आहे आणि रोपांची नोंदणी झालेली आहे. खोटा पॉझिटिव्ह आला तर आमचे एक चांगले रोप वाया जाते, तेवढेच. खोटा निगेटिव्ह आला तर रोग आमच्या पिशवीतून शेतकऱ्याच्या बांधावर जातो आणि पुढचे काम मावा करतो. कंट्रोल न बघता नुसते नमुने वाचणारी एखादी प्रयोगशाळा याच लॉटवर 'रोगमुक्त' असा अहवाल देऊनही बसली असेल. त्यामुळे हा लॉट आणखी कोणाकोणाला, कोणत्या वाटेने गेला ते तुम्ही शोधावे, ही पहिली मागणी.

आम्हाला वेगळ्या लॉटचे कॉन्ज्युगेट त्याच्या गुणवत्ता तपासणीच्या अहवालासह 2 जूनपर्यंत मिळावे, नाहीतर किटची पूर्ण रक्कम परत करावी. उन्हाळ्यात पार्सल सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवावे आणि खोक्यात तापमान नोंदणारे यंत्र ठेवावे. त्याचा खर्च वेगळा लावलात तरी देऊ. आणि 'तंत्रज्ञाची चूक' हा शेरा तुमच्या नोंदीतून लेखी मागे घ्यावा. आमची तंत्रज्ञ मुलगी ते वाचून दोन दिवस स्वतःचेच पिपेट तपासत बसली होती.

सर्व वाचनांचे तक्ते, फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये जपून ठेवल्या आहेत. तुमचा माणूस आला तर त्याच्यासमोर नळीतली चाचणी पुन्हा करून दाखवू, अर्धा तास पुरेल.

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख
केळी टिश्यूकल्चर रोपवाटिका, रावेर