संत्र्याच्या बागेतून वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,

सादर नमस्कार.

काटोल तालुक्यात माझी साडेचारशे झाडांची संत्र्याची बाग आहे. पोळ्याच्या सुमारास एका व्यापाऱ्याने आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फळांचा, उक्ता (झाडावरच्या सगळ्या मालाचा एकरकमी) सौदा करून इसार दिला होता. मागच्या आठवड्यात तो आला, बाग फिरला आणि ‘बांगलादेशात माल पाठवणे परवडत नाही’ एवढे सांगून इसारावर पाणी सोडून गेला. तेव्हापासून रोज सकाळी झाडांखालची गळ आम्ही नवरा-बायको टोपल्यांत वेचतो. बोट टेकले की सालीतून आत जाते, अशी ती फळे कळमन्याच्या बाजारात नेता येत नाहीत, बांधावर ओतावी लागतात.

बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क २०१९ ते २०२३ या काळात चौपटीहून अधिक वाढवले. त्याच देशाचे तयार कपडे मात्र ‘साफ्टा’ या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील अल्पविकसित देशांच्या सवलतीमुळे २०११ पासून आपल्याकडे शुल्काविना येतात. गरीब शेजाऱ्याला सवलत द्यायला माझी हरकत नाही. पण देताना आमच्या फळासाठी आपण काय मागून घेतले? निम्म्या शुल्काइतक्या अनुदानाची घोषणा २०२३ मध्ये झाली, म्हणजे त्यांचे शुल्क आपल्याच तिजोरीतून भरायचे!

सरकारला अधिकार नाही, असे कृपया सांगू नये. मे २०२५ मध्ये एका अधिसूचनेने बांगलादेशी कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद झाले आणि कोलकाता व न्हावा शेवा ही दोनच बंदरे उरली. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यात बळ आहे, परंतु ते केव्हा वापरायचे हे सर्वस्वी आपल्या मर्जीवर आहे. स्वस्त परदेशी मालाने कारखानदार अडचणीत आला, तर अँटी-डम्पिंग शुल्कासाठी अर्ज करायला त्याला कायदा आहे, कार्यालय आहे. परक्या देशाने आमच्या मालाला दार लावले, तर शेतकऱ्याने कोणाकडे अर्ज करायचा? आजवरच्या प्रत्येक सरकारने आम्हाला मतदार मानले, तक्रारदार कधीच मानले नाही.

अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यातील कलम ३०१ नुसार परक्या देशाच्या अन्यायी व्यापार धोरणाविरुद्ध बाधित व्यक्ती सरकारकडे अर्ज करू शकते आणि चौकशी करायची की नाही, हे ४५ दिवसांत ठरवावे लागते. त्या कलमातली, समोरच्या देशावर एकतर्फी शुल्क लादण्याची दंडेली आपण घेऊ नये. मुदतीचे हे बंधन मात्र आपल्या कायद्यात घालावे.

बागेतल्या शंभरेक झाडांवर मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) धरला आहे. ती फळे आज लिंबाएवढी आहेत, फेब्रुवारीत तोडणीला येतील. त्याआधी आपले उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
एक संत्रा उत्पादक, जिल्हा नागपूर