दुधाच्या पिशवीचे ५० पैसे कुठे अडले?

माननीय संपादक महोदय,

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा चर्चा झाली ती कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या ताटल्यांची. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची सोय उत्पादक व विक्रेत्यांनी करावी, ही त्यातील तरतूद मात्र मागे पडली. राज्यात रोज सुमारे १ कोटी पिशव्या कचऱ्यात जातात, असे २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगून ही योजना लवकरच सुरू करण्याचे आश्वासन दिले होते. आमच्या भागातील दूध केंद्रावर आजही रिकामी पिशवी कोणी परत घेत नाही.

धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीला भंगारात भाव मिळतो. तीच खरकट्यात टाकली की कचरावेचकालाही ती नकोशी होते. त्याहून वाईट गत पिशवीच्या कोपऱ्याची. कात्रीने कापलेला तो नखाएवढा तुकडा भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो आणि खतात मिसळतो; तो वेचणे कोणालाच शक्य नाही. कोपरा पिशवीला जोडलेला असेल तरच अनामत, म्हणजे ते ५० पैसे, परत, एवढी एक अट घातली तरी घराघरांतली सवय बदलेल.

असे परतावे चालतात, याचे उदाहरण दूर नाही. मद्यपींनी फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी हत्ती व इतर वन्यप्राणी जखमी होतात, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तामिळनाडूने २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानांतील प्रत्येक बाटलीवर १० रुपये अनामत लावली आणि बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. शेजारच्या गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित केली आहे.

५० पैशांसाठी कोण पिशवी सांभाळणार, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ही रक्कम २ रुपयांपर्यंत वाढवावी, असे मला वाटते. रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या घेणाऱ्या कुटुंबाचे महिन्याला १२० रुपये होतात, ते दुधाच्या मासिक हिशेबातून वळते करता येतील. ज्यांना पिशवी परत करण्याचा कंटाळा आहे, त्यांची अनामत ती गोळा करणाऱ्या कचरावेचकाला मिळेल. उन्हातान्हात आपला कचरा निवडणाऱ्या या माणसांची कमाई वाढावी, हेही या योजनेचे तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

पर्यावरण विभागाने दूध संघांना आणि खासगी डेअऱ्यांना मुदत घालून द्यावी आणि पहिल्या टप्प्यात किमान महापालिका क्षेत्रांत ही योजना सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे